केशवराव भोसले : ज्या गायकावरून मराठी रसिकांचे दोन गट पडले, आणि एका रात्री ते एकाच थिएटरात बसले

तारीख ८ जुलै १९२१. मुंबईतल्या ग्रँट रोड भागातलं बालीवाला थिएटर. नाटक होतं 'मानापमान'.

नाटक काही नवं नव्हतं. १० वर्षांपासून ते गाजत होतं, त्यातली पदं घराघरात पोचली होती आणि शेवट सगळ्यांना पाठ होता. तरीही त्या रात्रीच्या तिकिटासाठी लोकांनी जिवाचं रान केलं, कारण मराठी मुलुखातले दोन सगळ्यात मोठे गायक नट पहिल्यांदाच एका स्टेजवर समोरासमोर येणार होते.

भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले.

आज दोन सुपरस्टारच्या चाहत्यांची जशी भांडणं लागतात, तशीच तेव्हा या दोघांच्या चाहत्यांची लागायची. अमुक गावच्या प्रयोगात केशवरावांनी तान कशी घेतली, तमुक रात्री बालगंधर्वांनी एकच पद किती वेळा गायलं आणि दर वेळी वेगळं कसं केलं, यावर वाद चालायचे. आता दोघंही एकाच नाटकात उभे राहणार म्हटल्यावर वाद कायमचा मिटेल अशी आशा होती.

वाद मिटला नाहीच. पण त्या रात्रीनंतर बरोबर ८८ दिवसांनी त्या दोघांपैकी एक जण जगात नव्हता. तो गेला तेव्हा त्याचं वय होतं फक्त ३१.

ही गोष्ट त्याची, संगीतसूर्य केशवराव भोसले यांची.

शाळेच्या जागी नाटक कंपनी

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घर मराठा कुटुंबातलं आणि परिस्थिती बेताची. वडील लवकर गेले. मागे राहिली आई जानकीबाई आणि लहान पोरं. घरात मिळवणारं कुणी नाही.

त्या काळात असल्या घरातल्या पोरांसाठी एक वाट असायची, ती म्हणजे नाटक कंपनी. कंपनी म्हणजे चालतंफिरतं बिऱ्हाड. आज या गावात, महिन्याभरानं पुढच्या गावात. नट, वाजवणारे, पडदे ओढणारे, स्वयंपाकी सगळे एकत्र राहायचे. पोराचा गळा गोड असेल तर त्याला दोन वेळचं जेवण मिळायचं, गाणं शिकायला मिळायचं आणि नशीब असेल तर नावही.

केशव आणि त्याचा मोठा भाऊ दत्तोबा हे दोघं असेच जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. केशव तेव्हा अगदीच लहान होता. इतर पोरं पाटीवर बाराखडी गिरवत होती, त्या वयात तो तालमीत बसून पदं पाठ करत होता. अक्षरओळखीच्या आधी त्याची सुरांशी ओळख झाली.

त्या वेळच्या संगीत रंगभूमीवर बहुतेक मोठे नट, लेखक आणि मालक ब्राह्मण घरांतून आलेले होते. गरीब मराठा घरातल्या पोराला तिथे ना ओळख, ना पाठबळ. त्याच्याकडे होता तो फक्त गळा.

त्याची शारदा

१८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं बाप आपल्या कोवळ्या पोरीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो, अशी त्याची गोष्ट. राजाराण्या आणि देवदेवतांच्या नाटकांत हे नाटक वेगळं होतं, कारण असली लग्नं प्रेक्षकांच्या शेजारच्या घरात होत होती. कधीकधी स्वतःच्याही घरात.

यातली शारदा छोट्या केशवच्या वाट्याला आली. त्याला मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं.

तेव्हा बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. पण इथे गंमत अशी की शारदेच्या वयाच्या जवळपासचाच एक पोरगा शारदा करत होता. आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय हे कळल्यावर त्या मुलीला वाटणारी भीती एका पदात येते. ते पद केशव गायला लागला की थिएटर गप्प व्हायचं, असं त्याच्या शारदेबद्दल पुढे अनेक वर्षं बोललं गेलं. गावोगावी लोक शारदा बघायला म्हणून नाही, तर केशवची शारदा ऐकायला म्हणून यायला लागले.

केशवरावांच्या चाहत्यांची पहिली फळी इथे तयार झाली.

१७ व्या वर्षी मालक

पुढे निमकरांची कंपनी सोडायची वेळ आली. दुसऱ्या एखाद्या मोठ्या कंपनीत जाऊन नोकरी करणं सोपं होतं. नाव झालं होतं, घ्यायला कुणीही तयार झालं असतं.

केशवरावांनी दुसराच रस्ता धरला. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं ललितकलादर्श. तेव्हा त्यांचं वय होतं १७ वर्षं.

हुबळी का, असा प्रश्न आज पडू शकतो. तर हुबळी-धारवाड हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि मराठी नाटक कंपन्यांचा तिथे नेहमीचा दौरा असायचा. मराठी, कानडी दोन्ही बोलणारे, गाण्याचं वेड असलेले प्रेक्षक तिथे हमखास मिळायचे.

आता १७ वर्षांचा मुलगा मालक म्हणजे काय, तर सगळ्या बिऱ्हाडाच्या जेवणाची सोय, रेल्वेचं भाडं, पडदे, कपडे, थिएटरचं भाडं, सावकाराचे हप्ते हे सगळं त्याच्या डोक्यावर. आणि संध्याकाळ झाली की त्यानंच तोंडाला रंग लावून नायिका किंवा नायक म्हणून उभं राहायचं. तेही असं गायचं की शेवटच्या रांगेतल्या माणसाचे पैसे वसूल झाले पाहिजेत.

ही कंपनी त्यांनी नुसती टिकवली नाही, वाढवली. वीर वामनराव जोशींचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा', मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' ही नाटकं ललितकलादर्शनं रंगभूमीवर आणली. 'हाच मुलाचा बाप' मध्ये विषय हुंड्याचा होता, तर 'संन्याशाचा संसार' मध्ये धर्मांतराचा. लोक गाणी ऐकायला आले तरी जाताना डोक्यात काहीतरी घेऊन जातील, असे हे विषय.

गाण्यासाठी त्यांनी रामकृष्णबुवा वझे यांचं मार्गदर्शन घेतलं. वझेबुवा म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचे भारदस्त गायक. हजारो बंदिशी पाठ, गायकी आक्रमक. ललितकलादर्शच्या नाटकांतल्या पदांना पुढे त्यांनी चालीही दिल्या. मुळात केशवरावांचा आवाज उंच पट्टीचा, धारदार. त्यावर वझेबुवांची तालीम. त्यातून जे बाहेर पडलं त्याला लोकांनी नाव दिलं संगीतसूर्य.

एकच नाटक दहा वेळा का बघायचे?

आज हा प्रश्न पडणं साहजिक आहे. एकदा सिनेमा बघितला की संपलं. मग तेव्हाचे लोक एकच नाटक पुन्हा पुन्हा का बघायचे?

कारण ते एकच नाटक नसायचं.

संगीत नाटकातलं पद म्हणजे चार-सहा ओळी आणि एका रागावर बांधलेली चाल. हा झाला सांगाडा. तो भरायचा कसा, हे नटानं त्या रात्री स्टेजवर उभं राहून ठरवायचं. आवाज चांगला लागला, तबलजी रंगात आला, समोरून दाद आली की तेच पद वाढत जायचं. त्यात आलाप यायचे, ताना यायच्या, शब्दांची फिरवाफिरव व्हायची. पद संपलं की थिएटरातून वन्स मोअर. मग नाटकाची गोष्ट तिथेच थांबायची आणि नट तेच पद परत गायचा. पण पहिल्यासारखं गाऊन चालायचं नाही. दुसऱ्यांदा काहीतरी नवीन द्यावं लागायचं. परत वन्स मोअर. असं करत नाटक मध्यरात्र ओलांडून कुठल्या कुठे जायचं.

म्हणजे सोमवारचा प्रयोग बघितलेला माणूस आणि गुरुवारचा प्रयोग बघितलेला माणूस, दोघांनी वेगळं गाणं ऐकलेलं असायचं. मग भांडण होणारच.

जगात दुसरीकडेही असं झालंय. अमेरिकेत ग्रेटफुल डेड नावाचा बँड होता. १९६५ पासून ३० वर्षं ते गात राहिले आणि दर कार्यक्रमात तीच गाणी वेगळ्या पद्धतीनं फुलवत राहिले. अशा बँडला तिकडे जॅम बँड म्हणतात. त्यांचे चाहते गावोगावी त्यांच्या मागे फिरायचे, कार्यक्रम टेप करायचे, टेपची अदलाबदल करायचे आणि कुठल्या तारखेचा कार्यक्रम भारी यावर वाद घालायचे. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कार्यक्रम आजही त्या वादात वरच्या नंबरावर असतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतलाय.

ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांकडे टेप होत्या. केशवरावांच्या चाहत्यांकडे होती फक्त आठवण.

१९२१ मध्ये थिएटरात चालू असलेला प्रयोग रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. त्याआधी गायकानं भोंग्यात तोंड घालून गायचं आणि तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन-चार मिनिटांत सगळं संपवायचं. अर्धा तास रंगलेलं पद त्यात मावणार कुठून? त्यामुळे तो प्रयोग ज्यानं ऐकला तोच साक्षीदार आणि तोच वकील.

दोन गट, दोन मापं

केशवरावांपेक्षा २ वर्षांनी मोठे असलेले नारायण श्रीपाद राजहंस म्हणजे बालगंधर्व. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि बघता बघता संगीत रंगभूमीचा चेहरा झाले. १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांचे गुरू भास्करबुवा बखले.

दोघांचं गाणं एकदम वेगळं. बालगंधर्वांचं गाणं लडिवाळ. शब्दाला कुरवाळत, लयीशी खेळत, कुठे जोर लावलाय असं न वाटता ते आत उतरायचं. त्यात बाईचं लाघव होतं. त्यांच्या साड्या, दागिने, उभं राहण्याची ढब बघून थिएटरातल्या बायका तशी फॅशन करायच्या.

केशवरावांचं गाणं तेजाचं. वरच्या सप्तकात सहज जाणारा आवाज, सरसर सुटणाऱ्या ताना. मायक्रोफोन नसलेल्या काळात हा आवाज थिएटरच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायचा. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात त्यांनी उघड्या आभाळाखाली 'मृच्छकटिक' चा प्रयोग केला. भिंती नाहीत, छत नाही, आवाज अडवून परत फिरवायला काही नाही. समोर आखाड्याच्या भोवती बसलेला अफाट समुदाय. ज्याला थिएटरचं तिकीट परवडत नव्हतं तो माणूससुद्धा संगीत नाटक ऐकू शकला, तो अशा प्रयोगामुळे.

यामागे राजर्षी शाहू महाराज होते. कुस्तीचं खासबाग मैदान त्यांचंच, आणि त्याला लागून १९१३ ते १९१५ या काळात उभं राहिलेलं पॅलेस थिएटरही त्यांचंच. शाहू महाराजांनी केशवरावांना आधार दिला हे खरं, पण बालगंधर्वांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार व्हावेत म्हणून हालचाल केली तीही त्यांनीच. म्हणजे चाहते दोन गटांत होते, राजा मात्र दोघांचाही होता.

खरं तर चाहत्यांचं भांडण दोन गायकांचं नव्हतंच. ते दोन मापांचं भांडण होतं. एका गटाला वाटायचं की गाणं म्हणजे पराक्रम, तो दिसला पाहिजे. दुसऱ्याला वाटायचं की गाणं म्हणजे भाव, तो लपला पाहिजे. फुटपट्टीच वेगळी असेल तर उंची एकसारखी कशी भरणार?

बालीवालाची रात्र

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या नावानं टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. महात्मा गांधींनी देशभरातून १ कोटी रुपये जमवायचं ठरवलं. असहकार चळवळीचा जोर होता आणि गावोगावी पैसे गोळा होत होते. बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या.

या फंडासाठी नाटकवाल्यांनीही काहीतरी करावं, यातून एक कल्पना पुढे आली. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र प्रयोग करायचा आणि पैसे फंडाला द्यायचे.

आज ऐकायला साधं वाटतं. तेव्हा यात मोठी जोखीम होती. दोघंही आपापल्या कंपनीचे मालक. दोघांच्या नावावर दोन बिऱ्हाडं जेवत होती. एक जण दुसऱ्यासमोर कमी पडला, आवाज बसला, पद रंगलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलुखात बोभाटा. एका रात्रीत कंपनीची पत गेली असती.

त्यात नाटक ठरलं 'मानापमान'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक १२ मार्च १९११ ला रंगभूमीवर आलं. संगीत गोविंदराव टेंबेंचं. त्याच दिवशी बालगंधर्वांचं मूल दगावलं होतं आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, हा किस्सा मराठी माणसाला माहीतच असतो. भामिनी म्हणजे बालगंधर्व, हे समीकरण १० वर्षांत पक्कं झालं होतं. म्हणजे केशवराव दुसऱ्याच्या घरच्या मैदानावर खेळायला जात होते.

नाटकाची गोष्टही त्या रात्रीला साजेशी. श्रीमंत घरातली भामिनी गरीब पण शूर सेनापती धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान करते. नंतर त्याची किंमत कळल्यावर साध्या वेशात वनमाला बनून त्याच्यापर्यंत पोचते. श्रीमंती मोठी की कर्तृत्व, हा नाटकाचा प्रश्न. आणि स्टेजवर धैर्यधर म्हणून उभा होता गरीब घरातून येऊन स्वतःच्या जिवावर कंपनी उभी करणारा माणूस.

गणपतराव बोडसांनी नेहमीप्रमाणे विनोदी लक्ष्मीधर केला. थिएटर खचाखच भरलं. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा चढे होते, तरी माणसं बाहेर उभी.

प्रेक्षकांत दोन्ही गट होते. आपल्या माणसाच्या पदाला वन्स मोअर मिळवायचा हे ठरवूनच आलेले. पण 'मानापमान' ची रचनाच अशी आहे की धैर्यधर रंगला नाही तर भामिनीचा नकार पोकळ वाटतो, आणि भामिनी रंगली नाही तर धैर्यधराचा राग खोटा वाटतो. एकानं दुसऱ्याला पाडलं तर नाटकच पडतं. त्यामुळे ज्यांनी आधी नुसत्या आपल्या गायकाचे प्रयोग पाहिले होते, त्यांना त्या रात्री दुसऱ्याचं गाणंही पहिल्या सुरापासून ऐकावं लागलं. तेही आपल्याच गायकाच्या समोर उभं राहिलेलं.

मग कोण जिंकलं?

शंभर वर्षं उलटली तरी याचं एक उत्तर ठरलेलं नाही. केशवरावांच्या ताना भारी पडल्या म्हणणारे होते, बालगंधर्वांच्या एका लडिवाळ जागेपुढे सगळं फिकं पडलं म्हणणारेही होते. पण एका गोष्टीवर दोन्ही गटांचं एकमत झालं. तो प्रयोग ज्यानं पाहिला तो नशीबवान. 'संयुक्त मानापमान' हे नाव तेव्हापासून मराठी रंगभूमीच्या इतिहासात कायमचं कोरलं गेलं. त्यापाठोपाठ 'संयुक्त सौभद्र' ही झालं.

८८ दिवस

आता पुढे काय काय होऊ शकलं असतं याचा विचार करा. दोन्ही गायक तिशीच्या आसपास. आवाज ऐन भरात. एकत्र येण्याची भीती मोडलेली. लोकांना आणखी हवं होतं.

पण त्याच वर्षी केशवरावांना विषमज्वर झाला. आज ज्याला टायफॉइड म्हणतात तो. आता अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन माणूस कामाला लागतो, पण तेव्हा या तापावर औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोधही १९२८ चा. तापाशी झुंजायचं आणि शरीर टिकलं तर टिकलं.

४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले.

बालगंधर्व त्यानंतर ४६ वर्षं जगले. त्यांनी वैभव पाहिलं, कर्ज पाहिलं, १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा' सिनेमात एकनाथांची भूमिका केली, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळवलं आणि १५ जुलै १९६७ ला जगाचा निरोप घेतला. त्यांच्या तबकड्या पुढच्या पिढ्यांनी झिजेपर्यंत ऐकल्या. आज फोनवरही त्यांचा आवाज सहज मिळतो. बोलपट आला, रेडिओ आला, मायक्रोफोन आला, आणि या सगळ्या काळात ते होते.

केशवराव यातल्या कशालाही पोचले नाहीत. म्हणून दोघांची तुलना १९२१ नंतर कधी बरोबरीची राहिलीच नाही. एकाच्या बाजूनं त्याचं गाणं बोलत होतं. दुसऱ्याच्या बाजूनं बोलायला होते फक्त त्याला ऐकलेले लोक, आणि ते एकेक करून कमी होत गेले.

कंपनी मात्र थांबली नाही

मालकच गेल्यावर कंपनी बंद पडायची, हा त्या काळचा नियमच होता. ललितकलादर्श त्याला अपवाद ठरली. केशवरावांच्या मागे बापूराव पेंढारकरांनी कंपनीची धुरा घेतली. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' स्टेजवर आलं.

बापूरावांनंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर उभे राहिले. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटकं ललितकलादर्शचीच. हुबळीत १७ वर्षांच्या मुलानं काढलेल्या कंपनीनं बोलपट पचवला, टीव्ही पचवला आणि शंभरी पार केली.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह हे नाव मिळालं. कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांनी पहिलं नाटक तिथेच पाहिलं आणि पहिली एंट्री तिथेच घेतली.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. ज्या सकाळी तिथे त्यांच्या फोटोला हार घालायचा होता, त्या सकाळी लोक जळक्या लाकडांसमोर उभे होते. पुढे नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. पण त्या रात्री कोल्हापूर का रडलं, हे कळायला केशवराव कोण होते हे माहीत असावं लागतं.

आज याचं काय?

आज विरारच्या मनवेलपाड्यात राहणारा पोरगा सकाळी चर्चगेट लोकलमध्ये लटकून जाताना कानात इयरफोन घालतो. एकच गाणं पाच गायकांनी कसं गायलंय, हे बोरिवली यायच्या आत ऐकून मोकळा होतो. आवडलं तर शेअर, नाही आवडलं तर पुढे.

या विरारवरून मुंबईला जाणारी पहिली गाडी १२ एप्रिल १८६७ ला सुटली. म्हणजे १९२१ मध्ये विरारच्या एखाद्या नाटकवेड्याला बालीवालाला जायचंच असतं तर गाडी होती. फक्त ती वाफेवरची होती, आणि नाटक संपेपर्यंत परतीची वेळ टळून गेलेली असायची. म्हणजे अख्खी रात्र काढायची, सकाळची गाडी पकडायची आणि घरी येऊन जे ऐकलं ते लोकांना सांगायचं. दाखवायला काही नाही, ऐकवायला काही नाही. नुसतं सांगायचं. समोरचा म्हणणार की दुसरा भारी होता, आणि परत वाद सुरू.

त्या वादांनीच केशवराव आजपर्यंत पोचले. २०११ च्या 'बालगंधर्व' सिनेमानं त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची गोष्ट नव्या पिढीसमोर आणली. २०२५ च्या जानेवारीत 'संगीत मानापमान' वर बेतलेला सिनेमा आला आणि धैर्यधर-भामिनी परत चर्चेत आले. केशवरावांचं नाव मात्र अनेकांना नाट्यगृहाच्या आगीच्या बातमीतूनच पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वेळी तुमच्या आवडत्या गायकावरून कुणाशी वाद घालाल, तेव्हा ही बालीवालाची रात्र आठवा. चाहते भांडत होते तेव्हा ते दोघं एकमेकांच्या समोर उभं राहून एकाच नाटकाला खांदा देत होते. आणि त्यातल्या एकाकडे फक्त ८८ दिवस उरले होते, हे थिएटरातल्या एकालाही माहीत नव्हतं.